विमानाखालचा तळ

"हितं नाय," काशीराम म्हणाला आणि त्याने टाच जमिनीत रोवली. टाच घोट्यापर्यंत आत गेली. "हितं इमान ठेवलात तं गनपतीपर्यंत नुसतं पंख दिसतील."

ऑक्टोबर संपत आला होता. पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि तरीही आमच्या संस्थेमागच्या मोकळ्या जागेत पाय रुतत होता. आम्ही चौघे खाली बघत उभे होतो. पद्मजा मॅडम, म्हणजे आमच्या प्राचार्या. पेव्हर ब्लॉकचा ठेकेदार हरेश. मी, कृष्णकांत, स्टोअरकीपर. आणि काशीराम, जो हुद्द्याने माळी होता आणि ज्याला या बैठकीला कोणीही बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला होता, हातात पाण्याचा पाइप घेऊन, झाडाला पाणी घालायच्या निमित्ताने. त्या जागेत झाड एकच होतं आणि ते त्याने सकाळीच शिंपलं होतं.

आमची संस्था पनवेलजवळ, विचुंब्याच्या पुढे, जुन्या भातखाचरांवर उभी आहे. तिथे मुलांना विमानदुरुस्ती शिकवतात. सात वर्षं शिकवत होतो, पण विमान नव्हतं. दोन इंजिनं होती, एक पंख होता, स्टँडवर चढवलेली चाकं होती. विहीर नसताना पोहायला शिकवण्यातला प्रकार. शेवटी मॅडमनी दोन वर्षं पत्रं लिहून बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबचं चार माणसांचं विमान मिळवलं. ते उडणार नव्हतं, पण त्याचं इंजिन चालू होणार होतं. एप्रिलमध्ये सरकारी तपासणी होती, आणि चालू विमान दाखवलं नाही तर इंजिनाचा कोर्स बंद, असं पत्र मॅडमच्या टेबलावर काचेखाली होतं. शेड बांधायची ती पुढच्या वर्षी. तोवर विमान उघड्यावर राहणार होतं. कशावर ठेवायचं, एवढाच प्रश्न होता.

"गवतावर ठेवलं तर?" मी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातलं चित्र होतं.

"गवत ओल धरतं," मॅडम म्हणाल्या. "पोटाखाली सतत दमट हवा. उंदीर चढतात, पंखात घरटी करतात. आणि इंजिनाचं सगळं वजन पुढच्या चाकावर. ते रुतलं की प्रोपेलर जमिनीला टेकला."

"मग खडी?"

"खडी तर नकोच. इंजिन चालू केलं की प्रोपेलर खडे वर ओढतो. एक खडा लागला तरी पात्याला खाच पडते."

"डांबर?"

"पनवेलचं डांबर मे महिन्यात बघितलंय ना तुम्ही? चाकं चिकटून बसतील."

काँक्रीट सगळ्यात चांगलं, पण जागा भाड्याची, आणि मालक सिमेंट हा शब्द ऐकला तरी वकिलाला फोन लावणारा. कायमचं बांधकाम करायचं नाही, असं करारात होतं.

"मंग ब्लॉक, मॅडम," हरेश म्हणाला. "टेन्शनच नाय. खाली ग्रिट म्हंजे बारीक कच, वर साठ एमएमचा ब्लॉक, चार दिवसांत काम ओके. मालक उद्या बोलला उचला, तं उचलला. खांदा कॉलनीतल्या अर्ध्या सोसायट्या आपल्याच हायत."

मी खांदा कॉलनीतच राहतो. आमच्या सोसायटीतला ब्लॉक पावसाळ्यात एका बाजूला पाय ठेवला की दुसऱ्या बाजूने पँटवर पिचकारी मारतो.

"अलनी काम," काशीराम म्हणाला.

काशीरामच्या तोंडी ळ नव्हता आणि णही नव्हता. अळणीला तो अलनी म्हणे, आणि ही त्याची एकुलती एक शिवी होती. कँटीनची डाळ अलनी, रात्रपाळीचा वॉचमन अलनी, टीव्हीवरचे पुढारी सगळे अलनी. हरेश त्याच्या सख्ख्या भावाचा मुलगा, पण त्यालाही सूट नव्हती.

"मंग तुमी सांगा ना काका," हरेश चिडला. "तुमी करा."

"करतो की. आगराला करतात तसा तल करायचा. मुरूम आन चिकन माती. पानी मारायचा, चोपायचा, पायांनी तुडवायचा. धा दिस द्या. माज्या तलावर इमान काय, ट्रक उभा करा."

मॅडमना 'तलावर' म्हणजे तलाव वाटला. पाण्यावर उतरणारी विमानं वेगळी असतात, असं त्या त्याला समजावू लागल्या. हरेश खो खो हसला. मी मध्ये पडून खुलासा केला, तळ, तळ म्हणतोय तो, मिठागराच्या वाफ्याचा तळ.

"असं होय," मॅडम म्हणाल्या आणि प्रथमच त्याच्याकडे नीट बघितलं. "पण काशीराम, धूळ? मुरुमाची धूळ इंजिनात जाईल."

"धूल नाय उडनार. ती माजी जबाबदारी." मग तो जरा घुटमळला. "मॅडम, एक इचारू? इमान लोखंडाचा असतं का?"

मॅडम हसल्या. "छे हो, लोखंडाचं असतं तर उडालं असतं का? अ‍ॅल्युमिनियमचं. तुमच्या घरातल्या स्वयंपाकाच्या टोपासारखं समजा."

"टोपासारखा," काशीराम स्वतःशी पुटपुटला. त्याने दोनदा मान हलवली, आणि तळाचं काम त्याला मिळालं.

काशीराम ज्या गावात जन्मला तिथे आता धावपट्टी आहे. गाव उठायच्या कितीतरी आधी खाडीकाठचं मिठागर गेलं. आगर म्हणतात ते त्याला. बापाबरोबर आणि बापामागे मिळून त्याने तिथे वीस वर्षं मीठ पिकवलं होतं. पुढे नर्सरीत, बंगल्यांवर, शेवटी आमच्याकडे अशी माळीकामं केली. आमच्याकडे आला तेव्हा साठी ओलांडलेली होती, पण अंगाने सुक्या बोंबलासारखा काटक होता आणि आजारी रजा कशी मागतात ते त्याला माहीत नव्हतं.

एक गोष्ट तो स्वतःच हसत सांगायचा. विमानतळाचं काम सुरू झालं तेव्हा गावातली पोरं नोकरीचे अर्ज घेऊन रांगेत उभी राहिली. हाही जाऊन उभा राहिला. टेबलामागच्या मुलीने विचारलं, काका, तुम्हाला काय येतं? हा म्हणाला, "तल बसवता येतो." मुलगी म्हणाली, म्हणजे? हा म्हणाला, "इमानतल हाय ना? मंग तल बसवनारा नको?" मुलगी हसली, मागची रांगही हसली, आणि याला पाण्याची बाटली देऊन घरी पाठवण्यात आलं.

"आगर दिला, गाव दिला," तो म्हणायचा. "तेंचा तल काँक्रीटचा, तेंना माजी गरज नाय. नसंल. पन एक तरी इमान माज्या तलावर उभा रव्हावा, बस. बारका असला तरी चालंल."

हे तो हसत सांगायचा, म्हणून आम्हीही हसायचो. त्याला ते किती मनापासून हवं होतं, ते मला तळाचं काम सुरू झालं तेव्हा दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे सहाला हजर. मऊ माती काढून टाकली, मुरूम आणि चिकण माती पसरली, पाण्याला उतार काढला. चोपायला जाड लाकडी फळ्या आणल्या, मूठ बसवलेल्या. मी स्टोअरमधून लोखंडी धुम्मस देऊ केला तर नको म्हणाला.

"आगरात लोखंड चालत नाय, कृष्णाभाऊ. मीठ खातं त्याला."

हे वाक्य त्याने माझ्यासमोर उभं राहून सांगितलं, आणि मी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

तुडवायला त्याची बायको वेणू आली, आणि गाव उठल्यावर मिळालेल्या वसाहतीतल्या, तिच्या वयाच्या तीन बायका. चौघींनी कासोटे खोचले, एकमेकींच्या कमरेला धरलं आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीने टाचा मारत निघाल्या. काशीराम पुढे पाणी शिंपडत. मुलं गॅलरीतून मोबाइलवर शूटिंग करत होती. वेणूने वर बघून एकाला दम भरला, "रं, फोटू काय काढतोस, खाली ये, चार टाचा मार!" तो पळाला. चार दिवस असं चाललं.

त्याच आठवड्यात गेटवर एक टेम्पो आला आणि खडेमिठाच्या सहा गोण्या उतरवून गेला. पेणकडच्या कोणा ओळखीच्या आगरातून आल्या होत्या. मी त्या बघितल्या. आमच्या गेटाशी दोन माड आहेत, आणि माडाच्या आळ्यात मीठ घालतात हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला वाटलं, माडांना. दोन माडांना सहा गोण्या! मी स्टोअरकीपर आहे, मोजणं हा माझा धंदा. तरी मला प्रश्न पडला नाही.

दहाव्या दिवशी मॅडम मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या. उकिडव्या बसून त्यांनी टोक तळाला लावलं आणि जोर दिला. टोक आत गेलं नाही. दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून बघितलं. पांढरट ओरखडा उठला, तेवढाच.

"कमाल आहे," मॅडम म्हणाल्या.

काशीरामने त्या ओरखड्यावर पाण्याचा हात फिरवला.

विमान डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेलरवरून आलं, पंख वेगळे बांधून. विचुंब्याच्या गल्लीत लोकांनी बांबूने वायरी उचलून धरल्या. पंख जोडायला मुलांना आणि मॅडमना तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सगळ्यांनी मिळून ते ढकलत तळावर नेलं. पांढरं, बाजूने निळी रेघ, जागोजागी रंगाचे टवके उडालेलं. जवळून बघितलं तर आत बसायची जागा रिक्षापेक्षा फार मोठी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा काशीराम चाकाशेजारी पोटावर झोपून, गाल जमिनीला लावून बघत होता. मीही वाकलो. चाकाखाली खड्डा नव्हता.

"इमान बसला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायची त्याने काही खटपट केली नाही. मलाही बरं वाटलं. माणसाला आयुष्यात जे हवं होतं ते मिळताना आपण शेजारी उभे आहोत, असे प्रसंग माझ्या नोकरीत फार येत नाहीत.

मग त्याचा नेमच झाला. रोज सकाळी पत्र्याच्या डब्यातून विमानाभोवती आणि विमानाखाली पाणी शिंपडायचं. मुलं म्हणायची, काका अभिषेक करतायत. इंजिन चालू केलं की मागे वाऱ्याचा झोत सुटे, बागेतली पानं उडत, पण तळावरून दिसण्यासारखी धूळ उठत नसे. गवताचं एक पातं उगवत नव्हतं. जानेवारीच्या मीटिंगमध्ये मॅडमनी काशीरामला बोलावून सगळ्यांना त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. हरेश त्या दिवशी दुसऱ्याच कामाला आला होता, त्यानेही वाजवल्या. "मानला काका," म्हणाला. काशीराम म्हणाला, "आता चा तरी पाज, अलनी."

मार्चच्या सुरुवातीला समीक्षा नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी टॉर्च घेऊन विमानाखाली तपासणीला झोपली होती. तिने हाक मारली, "मॅडम, इथे पीठ सांडलंय का काही?"

मॅडम चटई टाकून खाली गेल्या. मी रजिस्टरवर सही घ्यायला आलो होतो, तिथेच उभा राहिलो. बराच वेळ त्यांचे फक्त पाय दिसत होते. मग खरवडल्याचा आवाज आला आणि रंगाची एक मोठी खपली जमिनीवर पडली. तिच्या आतल्या बाजूला पांढरी भुकटी होती. मॅडम बाहेर आल्या, पण उभ्या राहिल्या नाहीत. तिथेच बसून त्यांनी तळाकडे बघितलं, मग वाकून जवळून बघितलं. मग एक बोट तळावर दाबलं आणि जिभेला लावलं.

त्या क्षणी मला सहा गोण्या आठवल्या.

"काशीरामना बोलवा," मॅडम म्हणाल्या.

तो डबा हातात घेऊनच आला.

"यात मीठ घातलंत?"

"व्हय मॅडम," काशीराम म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, कोणीतरी शेवटी नेमकं विचारलं याचं. "सा गोनी. आन वर रोज खारा पानी मारतो. बिगर मिठाचा तल धरत नाय, भुगा व्हतो."

मॅडमनी त्याला चटईवर झोपायला सांगितलं, स्वतः शेजारी झोपल्या आणि टॉर्च मारून दाखवू लागल्या. रंगाला आलेले फोड. रिव्हेटांभोवतीची पांढरी कडी. चाकाच्या दांड्यावरचा तांबडा गंज. इंजिनाचा वारा रोज ते मीठ उडवून पोटाला थापत होता, आणि रंगाचे टवके उडालेल्या जागी ते आत शिरत होतं, हे त्या सावकाश सांगत होत्या, वर्गात सांगतात तसं.

"ह्यो मिठानं?" काशीरामने विचारलं.

"मिठानंच."

तो वर बघत राहिला. "पन तुमी टोप बोललात," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, तो नुसता आठवत होता. "मी इचारून घेतला व्हता. लोखंड असता तं मीठ घातला नसता, मना कलतं तेवढा. तुमी बोललात, टोपासारखा. टोपात आमी रोज मीठ घालतो, मॅडम."

मॅडमनी टॉर्च बंद केला.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच म्हणाले तसं."

"मॅडम, गोण्या मी बघितल्या होत्या," मी म्हणालो. "मला वाटलं, माडांना आहेत." मॅडमनी माझ्याकडे फक्त बघितलं. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेणू आली. नवरा दोन वेळा जेवला नाही म्हणून डबा घेऊन आली होती. काय झालं ते तिने मलाच विचारलं, कारण तो सांगेना. मी सांगितलं. मॅडमही तिथेच होत्या.

"इमान टोपाचा हाय?" वेणू म्हणाली.

"टोपासारख्याच धातूचं."

"मंग मना नाय का इचारायचा?" ती उसळली. "खारा कालवन टोपात रातभर ठेवीत नाय कोन. पुल्या येतात टोपाला, भोकं पडतात. माज्या सासूनं दोन टोप असंच घालवलं. चार दिस मी टाचा फोडून घेतल्या हितं. मीठ हाय ते मना म्हाईत व्हता. इमान टोपाचा हाय ते कोनी सांगितला नाय!"

चाळीस वर्षं हँगरमध्ये नाहीतर वर्गात काढलेल्या मॅडम, वीस वर्षं आगरात काढलेला काशीराम, आणि सगळी गोष्ट एका बाईला ठाऊक होती जिच्याकडे आम्ही फक्त पाय मागितले होते. वेणूने डबा उघडून नवऱ्यापुढे ठेवला. "जेव आता. तू काय जानूनबुजून केला नाय." मग मॅडमकडे वळून म्हणाली, "आन तुमी पन जेवा बाई, तोंड बघा कसा झालाय."

मॅडमनी तपासणी जूनपर्यंत पुढे ढकलून मागितली आणि ती मिळाली. विमान पुढच्या पोर्चमध्ये फरशीवर हलवलं, पोटाचे पाच पत्रे काढले. नवे पत्रे कापणं, वाकवणं, रिव्हेट मारणं हे सगळं मुलांनी केलं. असं खरं काम त्यांना एरवी कधी मिळालं नसतं, असं मॅडम म्हणायच्या. ते काशीरामच्या कानावर जाईल अशा बेताने म्हणायच्या.

एक दिवस त्यांनी त्याला विचारलं, "काशीराम, मीठ न घालता तोच तळ करून द्याल?"

दोन दिवस तो त्या रिकाम्या तळाभोवती झाडू मारत होता. तिसऱ्या दिवशी केबिनच्या दारात उभा राहिला.

"नाय मॅडम. बिगर मिठाचा तल मना येत नाय. मनात असला तरी येत नाय. उद्या चाक रुतला तं?" मग म्हणाला, "हरेशला बोलवा."

हरेश जेसीबी घेऊन आला. चिडवेल असं मला वाटलं होतं, पण तो थेट कामाला लागला. पहिल्यांदा जेसीबीचे दात तळावर आपटले आणि सरकले. ड्रायव्हर म्हणाला, हे काय काँक्रीट आहे का? दुसऱ्यांदा वरचा थर फुटला. काशीराम बाजूला उभा राहून बघत होता. वेणू त्या दिवशी आली नाही.

एक वीत खोल गेल्यावर हरेश म्हणाला, "बास. आता ग्रिट टाकतो."

"थांब," काशीराम म्हणाला. चपला काढून तो खड्ड्यात उतरला, चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली आणि थुंकली. "खारा हाय. अजून काढ."

आणखी एक वीत काढली. काशीराम पुन्हा उतरला. चारही कोपऱ्यांतली आणि मधली माती चाखली. "मदी खारा हाय. काढ."

"काका, ब्लॉकच्या खाली हाय, वर थोडाच येनार?"

"येतो. पानी वर येतं तसा मीठ वर येतो. मना शिकवू नको. काढ."

तासाभराने खड्डा त्याच्या मांडीएवढा खोल झाला. डंपरच्या फेऱ्या वाढत होत्या आणि हरेश कपाळाला हात लावून उभा होता. काशीराम खाली वाकून प्रत्येक हातभर अंतरावरची माती चाखत होता, थुंकत होता, पुढे सरकत होता. आम्ही सगळे काठावर. शेवटी मधोमध त्याने एक चिमूट तोंडात घातली आणि ती घोळवत बराच वेळ तसाच उभा राहिला.

"अलनी," तो म्हणाला.

हरेशने वरून हात दिला. काशीरामने तो धरला आणि वर आला. शेवटच्या डंपरमधून त्याने दोन घमेली माती काढून घेतली आणि गेटाशी नेऊन माडांच्या आळ्यात एकेक घमेलं ओतली.

खड्डा नव्या मुरुमाने भरून ब्लॉक चार दिवसांत बसले. चांगले बसले, उगाच नावं कशाला ठेवू. विमान परत मागे गेलं. मॅडमनी नियम घालून दिला की रोज सकाळी पोट गोड्या पाण्याने पुसायचं आणि मीठ उरलंय का बघायचं. त्यासाठी यंत्र येतं, ते मागवू असं त्या म्हणाल्या. काशीराम म्हणाला, यंत्र कशाला?

पहिल्या सकाळी तो चटई टाकून खाली गेला, पोट शेपटीपर्यंत ओल्या फडक्याने पुसलं, मग फडकं पिळून त्याचा थेंब जिभेवर घेतला. जागा बदलून पुन्हा घेतला. बाहेर येऊन फडकं खांद्यावर टाकलं. मॅडम विमानाची वही उघडून उभ्या होत्या. त्या वहीत सगळं इंग्रजीत असतं.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"अलनी."

मॅडमनी तसंच लिहिलं, मराठीत, त्याने म्हटलं तसं. मग वही फिरवून त्याच्यापुढे धरली. "इथे सही करा. विमानाच्या कामात ज्याने तपासलं त्याचीच सही लागते. माझी नाही चालत."

त्याने हात पायजम्याला पुसला, पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडत सही केली. काशीराम हे नाव त्या छोट्या चौकटीत मावलं नाही, शेवटचा म बाहेर आला. मॅडम म्हणाल्या, चालेल.

त्या दुपारी आम्ही कँटीनमध्ये समोरासमोर बसलो होतो. डाळीत खरोखरच मीठ नव्हतं. पहिल्या घासालाच मला कळलं आणि मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, आता म्हणेल, मग म्हणेल. तो जेवत होता. मी मिठाची वाटी त्याच्या ताटाजवळ सरकवली. त्याने ती डाव्या हाताने हळूच बाजूला केली आणि पुढचा घास घेतला.